हळदीआधीचं गंगावन

अंबिकाचे केस विषमज्वरानं नेले, पण घरात बोलणं असं चालायचं, की तीच ते कुठं तरी एसटीत विसरून आली असावी. दसऱ्याला पोरगा बघायला आला तेव्हा तिची वेणी कमरेखाली होती. दिवाळीत ताप आला. ताप उतरला, जेवण सुरू झालं, अंगात जीव आला, आणि मग केस जायला लागले. उशीवर केस, ताटात केस, मोरीच्या जाळीवर केस. संक्रांत झाली तसा भांग रुंदावून टाळू दिसू लागली, आणि लग्न तर वैशाखात ठरलेलं.

शिरूर अनंतपाळजवळच्या गावची ही पोरगी लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तापानं गेलेले केस परत येतात, मुळं शाबूत आहेत, फक्त ओढाताण करू नका. आणि ते येतही होते. कपाळाच्या कडेनं, भांगाच्या दोन्ही अंगांना, बोटाच्या पेराएवढे, कंगव्याला न जुमानता उभेच्या उभे. अंबिका रोज सकाळी आरशात आधी त्यांना बघायची. सध्या तिला त्यांचं अप्रूप होतं, खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा जास्त. नवरा अजून फोनपुरताच होता.

लग्नाची सूत्रं विठाबाईंच्या हातात होती. विठाबाई म्हणजे अंबिकाची आत्या, वडिलांची थोरली बहीण. त्यांच्यापुढं अंबिकाच्या आईचंही काही चालत नसे.

"धर्माबादच्या मानसांनी येणी बघून होकार दिलाय," आत्या म्हणाल्या. "मांडवात येणी दिसली पायजे. मागनं केस येऊ दे न्हाई तर न येऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हणून दोघी लातुरात उज्वलाताईंच्या पार्लरमध्ये गेल्या. गंगावन म्हणजे आत्यांच्या लेखी अंबाड्यात खुपसायचा काळा झुपका. इथं मात्र उज्वलाताईंनी टेबलावर खऱ्या केसांच्या लांबच लांब बटा मांडल्या आणि त्या डोक्याला कशा धरून राहतात ते सांगायला घेतलं. एक म्हणजे शिवायचं: आपल्या केसांच्या बारीक वेण्या टाळूलगत घट्ट घालायच्या आणि त्यांच्यावर बटा सुईदोऱ्यानं टाचायच्या.

"पण हिच्या केसांना तो ताण सोसायचा नाही," उज्वलाताई म्हणाल्या. "शिवणीच्या जागेवरचे केस मुळापासून जातील."

दुसरा होता गरम डिंक. आपल्या केसांच्या बारीक पुंजक्यांना डिंकानं ही बट चिकटवायची. दोन-तीन महिने बघायला नको, कुणाला कळतही नाही. काढताना मात्र नशीब. तिसरे चाप. सगळ्यात निर्धोक तेच, फक्त ते जुन्या, जाड केसांवर बसवायचे आणि रोज जागा बदलायची.

"आणि झोपताना काढून ठेवायचे," उज्वलाताईंनी शेवटी सांगितलं.

तिथंच चापांचा निकाल लागला. नवी नवरी पहिल्या रात्री आपले केस काढून खुंटीला लावतेय, हे चित्र आत्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. त्यांनी डिंक ठरवला. लग्नाला अवकाश होता, तरी सवय व्हावी म्हणून आत्ताच लावून घ्या, असंही त्यांनीच सांगितलं. अंबिका खुर्चीत जाऊन बसली. लांब केस आरशात दिसले तेव्हा तिला बरंही वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. डोकं ठणकायला लागलं. कूस बदलली की मुळाशी खेच बसे. उन्हाळा चढत होता, घामानं टाळू चुरचुरत होती, आणि खाजवायची सोय नव्हती. मग एका दुपारी लॅबमध्ये एक बट सुटून हातात आली. डिंकाच्या गोळीत तिचे स्वतःचे केसही अडकून आले होते, मोठे आणि नव्याने आलेले, दोन्ही.

अंबिकानं ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आपोआप गळलेला केस तिला ओळखता येत होता. त्याचं मूळ वाळून गोल झालेलं असतं. ह्यांच्या मुळांना ओलसर, पांढरं वेष्टण होतं. हे केस गळले नव्हते, जिवंत उपटले होते. तिला रडू आलं नाही, राग आला. आत्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं सगळं उतरवून घेतलं. उज्वलाताईंनी तेल लावून, गोळी मऊ करून, एकेक बट हळूहळू सोडवली. तरीही कानशिलावर एक बोडका ठिपका राहिलाच. तापातून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं होतं. अंबिकानं चापांचे केस विकत घेतले आणि घरी यायच्या आधीच होणाऱ्या नवऱ्याला, सुदर्शनला, फोन लावला. चाप म्हणजे रात्री काढणं, आणि रात्री काढणं म्हणजे नवऱ्याला आधी सांगणं. दुसरी वाट नव्हती. सांगून तो नाही म्हणाला असता, तर लग्न मोडलं असतं. तेवढी तयारी करूनच तिनं नंबर दाबला होता.

सुदर्शन धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या आडतीवर होता. मागं कुणी तरी पोती मोजत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझं काय न्हाई," तो म्हणाला. "ताप कुणाला बी येतो. पर आईला कळू देऊ नको. हळदीला लावून बस म्हंजे झालं."

अंबिकाला हायसं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की हा अर्धाच होकार आहे, आणि उरलेला अर्धा आता तिनं एकटीनं सांभाळायचाय.

हळदीच्या सकाळी आत्यांनी स्वतः चाप बसवले, वेणी घातली, गजरा माळला. ह्या भागात नवरीला हळद लावतात ती आंब्याच्या पानानं. पाय, गुडघे, खांदे, डोकं, पान नुसतं टेकवायचं. त्यामुळं केसांची काळजी नव्हती. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन समाजमंदिरात उतरलं होतं. तिथून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन सासूबाई गुरम्मा चार बायकांसह आल्या. त्यांच्या हातात हळदीची वाटी होती. मागच्या बाईच्या हातात तिळतेलाचा तांब्या होता.

"ह्यो कशाला?" आत्यांनी विचारलं.

"नवरीच्या डोक्यात तेल जिरवल्याबिगर आमच्याकडं हळद लागत न्हाई," गुरम्मा म्हणाल्या. राज्याच्या सीमेपलीकडचं त्यांचं माहेर, तिथली रीत. ही गोष्ट सोयरीक जुळवताना कुणी विचारली नव्हती आणि कुणी सांगितली नव्हती. मानपानाच्या साड्यांवर मात्र तीन बैठका झाल्या होत्या.

"पावन्यांना उशीर व्हायलाय, नुसतं बोट लावा," आत्या पुढं सरसावल्या. पण गुरम्मांनी पाटामागं बैठक मारली होती. त्यांनी ओंजळभर तेल टाळूवर ओतलं आणि बोटं आत घातली. बोटं चापाला अडली. तेलानं एक चाप घसरला आणि कानशिलावरचे कोवळे केस दातांत धरून खाली ओढू लागला.

अंबिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं एक क्षण आत्यांकडं बघितलं. आत्या मानेनंच नको म्हणत होत्या. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि एकेक चाप उघडून, सावकाश, सगळं गंगावन गजऱ्यासकट उतरवून मांडीवर घेतलं.

"आता लावा," ती म्हणाली. "तापात गेले. परत यायलेत."

बायकांचं हळदीचं गाणं थांबलं. गुरम्मांनी वाकून डोकं बघितलं, भांग बघितला, तो ठिपका बघितला. नंतर त्यांनी एवढंच विचारलं,

"सुदर्शनला ठाव हाय?"

"हाव."

"म्हंजे मला एकटीलाच ठाव नव्हतं."

इतके दिवस अंबिकानं ह्या बाईची भीती बाळगली होती; तिला वाईट वाटेल, हे काही मनात आलं नव्हतं. तिला लाज वाटली.

गुरम्मांनी परत तेल घेतलं. मागं वळून बायकांना म्हणाल्या, "गप कामून झालाव? म्हना की." आणि त्या चोळायला लागल्या, रागानं, पार मुळापर्यंत. अंबिका डोळे मिटून बसली आणि उपटल्या जाणाऱ्या केसाची वाट बघत राहिली. चोळून झाल्यावर गुरम्मांनी दोन्ही तळवे तिच्या तोंडापुढं धरले. तेलानं चमकत होते, आणि त्यांच्यावर एकही केस नव्हता.