काल कोण?

"येणार आहेस की नाही, तेवढं एकदा सांग बाबा. हंडा चुलीवर कधी चढवायचा ते मी बघते. पण व्हर्नाला टेकडीवर न्यायचं तुझ्याशिवाय कसं व्हायचं?"

फोनवर नोला होती, ऑरिन टॅलबटच्या बायकोची, व्हर्नाची, थोरली बहीण. पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरात ग्रीन बँकला राहायची. ऑरिनने रिसीव्हर खांद्यात धरला आणि समोरच्या पडद्यावर पुन्हा एकदा नजर टाकली. वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचं ते टेबल एकोणीस वर्षं त्याचंच होतं. पडद्यावर काही नव्हतं.

"येणार," तो म्हणाला.

"हे तू गेल्या वर्षीही म्हणाला होतास."

"हो. म्हणालो होतो."

नोलानेच विषय बदलला. "चर्चमध्ये लोक विचारतायत, तुझा मेव्हणा म्हणे आज सगळं इंटरनेट परदेशी लोकांना देऊन टाकतोय. मी म्हटलं, जड असेल तर आमचा ट्रक घेऊन जा म्हणावं."

ऑरिन हसला. "जड नाही गं. एक यादी आहे फक्त."

आणि खरंच ती एक यादीच होती. इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या शेवटी जी देशांची दोन-दोन अक्षरं येतात, ती कुठल्या यंत्राकडे विचारायची, याची मूळ यादी. एखाद्या देशाने आपलं यंत्र बदललं की तो कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेला कळवायचा. तिथले लोक तपासायचे आणि कागद ऑरिनकडे यायचा. सगळं ठरल्या पद्धतीने झालंय एवढं बघून ऑरिन 'मंजूर' दाबायचा. मग पलीकडे व्हर्जिनियातले लोक यादीत बदल करायचे. जगातल्या कुठल्याही देशाला या बदलासाठी अमेरिकन सरकारच्या एका कारकुनाचा होकार लागायचा. जगाला ते आवडत नव्हतं, आणि त्यात जगाचं काही चुकत नव्हतं असं ऑरिनला वाटायचं. आज, तीस सप्टेंबरला, मध्यरात्री सरकारचा त्या संस्थेशी असलेला करार संपणार होता. उद्यापासून ही देखरेख सगळ्यांची मिळून. इंजिनियर, कंपन्या, विद्यापीठं, निरनिराळी सरकारं, साधे वापरणारे लोक. मधलं टेबल उठणार होतं.

होकार कधीही द्यावा लागे. नाताळला, रविवारी, आजारपणात. म्हणून ऑरिन एकोणीस वर्षांत फोनच्या टप्प्याबाहेर कधी गेला नव्हता. आणि व्हर्नाचं माहेर नेमकं असं, की तिथे मोबाइल चालतच नाही. आकाशातले बारीक आवाज ऐकणारी एक प्रचंड दुर्बीण तिथे आहे, तिला अडथळा नको म्हणून कित्येक मैलांत बंदी. दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नोलाच्या अंगणात तांब्याच्या हंड्यात सफरचंदं आटवतात. अख्खा दिवस कोणीतरी चाटू ढवळत राहावं लागतं, थांबलं की बुडाला लागतं. सगळं गणगोत पाळीपाळीने ढवळतं. व्हर्ना एकटी जायची आणि बरण्या घेऊन परत यायची. "तुझी पाळी मीच ढवळली," म्हणायची.

कामाबद्दल घरी बोलायला बंदी होती. पण यादी दुसऱ्या दिवशी जगाला उघडीच असायची. म्हणून ती रोज सकाळी कॉफी ओतताना विचारायची, "काल कोण?"

"ओळख."

"टोंगा."

दर वेळी टोंगाच. तो देश नकाशावर कुठे आहे हेही तिला धड ठाऊक नव्हतं. तो म्हणायचा, "टोंगा नाही. आइसलँड." किंवा पेरू, किंवा माली.

"बरं. उद्या बघू," असं म्हणून ती त्याच्यासमोर अंडी ठेवायची.

टोंगा कधी आलंच नाही असं नाही. दोनदा आलं होतं. पण त्या दोन्ही सकाळी नेमकी ती विचारायला विसरली होती, आणि आपणहून सांगायचं असा नियम नव्हता.

करार खरं तर मागच्याच वर्षी संपायचा होता. ऑरिन त्याच दिवशी निवृत्त होणार, आणि दोघं महिनाभर नोलाकडे राहणार, असं ठरलं होतं. मग मुदत एक वर्षाने वाढली. वरिष्ठांनी विचारलं, थांबाल का? तो उभ्या उभ्या हो म्हणाला. घरी जाऊन सांगितलं. व्हर्ना म्हणाली, "एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल." नोव्हेंबरमध्ये दुखणं कळलं. फेब्रुवारीत ती गेली. जाण्याआधी तिने सांगून ठेवलं होतं, की मला टेकडीवर आईजवळ ठेवा, आणि सफरचंदांच्या दिवशी ठेवा, म्हणजे कुणाला वेगळी खेप नको.

दुपारी अडीचला कॉर्लिस प्रुइट आली. ती त्याची वरिष्ठ, पण वयाने वीस वर्षांनी लहान. हे काम तिला त्यानेच समजावलं होतं. ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाच्या कडेला टेकली, तेव्हाच ती काहीतरी मागायला आलीय हे त्याला कळलं.

"टेक्सासच्या कोर्टात आज सुनावणी आहे. चार राज्यांनी हे थांबवा म्हणून अर्ज केलाय."

"ऐकलं."

"न्यायाधीशांनी थांबवलं तर उद्याही आपलीच जबाबदारी. मंजुरी देणारा दुसरा बर्नार्ड, तो जूनमध्येच नोकरी सोडून गेला. राहिलात तुम्ही. म्हणजे शनिवार-रविवार फोन जवळ ठेवावा लागेल, ऑरिन."

"नाही."

ती हसली. मग त्याच्याकडे बघून हसू आवरलं. "नाही म्हणजे?"

"उद्या मी जिथे जातोय तिथे फोन लागत नाही."

"एक आठवडा पुढे ढकला ना. मी स्वतः तुम्हाला सोडायला येते हवं तर."

"एकदा ढकललं होतं," ऑरिन म्हणाला. "तेव्हा तिला विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय नाही."

कॉर्लिस अंत्यविधीला आली होती, तिला सांगायला नको होतं. पण काम तर काम. "मग कोण दाबणार? मी? माझ्या कार्डाला परवानगीच नाही."

ऑरिनने खण उघडून एक फॉर्म काढला. तिचं नाव, तिचा क्रमांक, सगळं त्याच्या सरळ अक्षरात भरलेलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी.

"मंगळवारीच भरून ठेवलाय. तळमजल्यावर दे, तासाभरात कार्ड चालू करून देतात."

"म्हणजे तुम्ही तीन दिवसांपासून मला नाही म्हणायची तयारी करत होता?"

"सवय नाही ना. वेळ लागतो."

"लबाड आहात," ती म्हणाली आणि सही केली.

पावणेचारला ती चालू झालेलं कार्ड घेऊन वर आली, तेव्हा पडद्यावर एक विनंती येऊन पडली होती. लेसोथो. एक यंत्र जुनं झालं, दुसरं घातलं. ऑरिनने खुर्ची सोडली आणि तिला बसवलं.

"दाबू?"

"वाच आधी."

"कॅलिफोर्नियावाल्यांनी वाचलंय सगळं. आणि उद्यापासून कोणी इथे बघणारसुद्धा नाही!"

"उद्या ना? आज आहे अजून."

तिने सुस्कारा सोडला आणि ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. तो मागे उभा राहून मान हलवत होता. अर्जदार तोच. देशाकडच्या दोन्ही जबाबदार माणसांची संमती आहे. यंत्र उत्तर देतंय. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "किती परत पाठवलेत हो तुम्ही आजवर?"

"अकरा. हजारोंमधले."

"एवढ्यासाठी एकोणीस वर्षं?"

"तू दाब," तो म्हणाला.

तिने दाबलं. काही झालं नाही. म्हणजे पडद्यावरची ओळ गेली, एवढंच. ऑरिनने आपलं कार्ड गळ्यातून काढून पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख लिहिली आणि कॉफीचा कप धुवायला गेला.

संध्याकाळी तो घरी कपडे भरत असताना कॉर्लिसचा फोन आला. "कोर्टाने नाही म्हटलं. अर्ज फेटाळला. करार आज संपणार. तुम्ही तसेही सुटला असतात, ऑरिन. उगीच माझी सही घेतलीत."

"घेतली ते बरं झालं," तो म्हणाला. आणि त्याला खरंच बरं वाटत होतं.

सकाळी पाचला तो निघाला. व्हर्ना बाजूच्या सीटवर, अस्थींच्या पेटीत, पट्टा लावून. डोंगर लागले तसे फोनवरचे सिग्नलचे दांडे कमी होत गेले आणि साडेनऊला नोलाच्या अंगणात गाडी लावली तेव्हा एकही नव्हता.

हंडा रटरटत होता. अंगणभर दालचिनीचा वास होता. नोलाने त्याला मिठी मारली, वर-खाली बघितलं, "वाळलास," म्हणाली आणि हातात चाटू दिला. दांडा चांगला आठ फूट लांब. "धुराच्या या बाजूला उभा राहा. आणि थांबू नकोस."

तो थांबला नाही. अर्ध्या तासाने नोलाचा जावई हात पुढे करून आला, ऑरिन म्हणाला, "असू दे, चाललंय." मग एक चुलतभाऊ आला, त्यालाही तेच. मधेमधे डावा हात आपोआप खिशाकडे जायचा, फोन बघायचा, परत ठेवायचा. पावणेबाराला नोला स्वतः आली.

"अरे, सोड आता."

"लागेल खाली."

"कशाला लागेल? मागे बघ जरा."

त्याने मागे पाहिलं. जावई, चुलतभाऊ, दोन मुली, शेजारची म्हातारी, सगळे कपात कॉफी घेऊन ताटकळत उभे होते.

"दोन तास झाले, सगळे पाळीसाठी खोळंबलेत," नोला म्हणाली. "तू काय सरकारी नोकरीवर आहेस?"

सगळे हसले. ऑरिनही हसला. त्याने दांडा शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला, तिने तो असा धरला की चाटू क्षणभरही थांबला नाही. तो जरा वेळ बघत राहिला. मग हात धुऊन गाडीकडे गेला आणि व्हर्नाला घेऊन आला.

टेकडीवर फार काही केलं नाही. नोलाने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी मूठमूठ माती घातली. मग माणसं जेवायला खाली उतरली. नोलाने एकदा वळून पाहिलं आणि त्याला तिथेच राहू दिलं.

ऑरिन टोपी हातात घेऊन उभा होता. गवत अजून ओलं होतं. दूर पलीकडे ती पांढरी दुर्बीण तोंड वर करून उभी होती. आज टोंगा म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. कोण बघतंय? तिला किती आनंद झाला असता.

"टोंगा नाही," तो म्हणाला. "लेसोथो."

बरं, उद्या बघू, असं म्हणायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ तो थांबला. मग टोपी घातली आणि पुन्हा पाळी मिळते का ते बघायला खाली उतरू लागला.