पाव फेरा

धोंडबाला मरायच्या आधी नागपूर ऐकायचं होतं. ऐन विशीत तो भंडाऱ्याकडून भिलाईला आला, पोलादाचा प्लांट उभा करायला. आता नव्वदी गाठली, डोळे गेले, डॉक्टरांनीही हात टेकले. घरात नातवंडं हिंदी बोलत. मुलगा-सून सोडले तर नागपूर केंद्रावरची मराठी तेवढी त्याची उरली होती, पण त्याच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर शेजारचं हिंदी स्टेशन नागपूरच्या उरावर बसे.

मुलगा नरेश प्लांटातून रिटायर झालेला. चौतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये फिटर. "आयएफ हललं असंन," तो म्हणाला. आयएफ म्हणजे रेडिओच्या पोटातल्या पत्र्याच्या दोन चौकोनी डब्या. त्यांतले पेचाचे नाजूक गाभे नेमके बसले, तरच एक स्टेशन दुसऱ्यापासून वेगळं होतं. लोखंड लावायचं नाही, म्हणून त्याने बायकोची विणायची प्लास्टिकची सुई घासून घेतली. केसभर फिरवायचं, थांबायचं, ऐकायचं. अख्खी सकाळ गेली. हिंदी स्टेशन हळूहळू मागे सरलं आणि एक बाई सोयाबीनवरच्या किडीबद्दल स्वच्छ मराठीत बोलू लागली.

"लागलं बे," धोंडबा उशीवरून म्हणाला. त्याचा चेहराच पालटला.

तिथे हात काढायचा होता. पण मिलमध्ये सगळं हादरतं, म्हणून बोल्ट आवळून झाला की फिटर वर पाव फेरा देतोच. जित्याची खोड. नरेशच्या हाताने पाव फेरा दिला. आत कट्कन आवाज झाला, गाभा दुभंगला आणि बाईच्या जागी नुसती खरखर राहिली.

"काय झालं?"

"हवा खराब हाये, बाबा. संध्याकाळी लागंन."

स्वयंपाकघरात सत्यशीलाने नवऱ्याला हळूच सांगितलं, "अहो, मोबाइलवर लावून द्या न नागपूर. सांगा त्यायले, रेडिओ तुटला म्हणून."

"चूप राह्य. मी दुरुस्त करतो."

गाभा कुठे मिळणार? दुर्गच्या बाजारात दुकानदारांनी त्याला वेड्यात काढलं. तरी बापाला सांगायला जीभ रेटेना. चौतीस वर्षांचा फिटर आणि एक पेच मोडला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मोबाइल खिशातच राहिला. धोंडबा खरखरीला कान लावून पडून असे. "बंद नको करू," म्हणे, "मधातच नागपूर येऊन जाईन."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. रेडिओ चालूच होता.

प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टरातली माणसं जमली. बुद्धवंदना झाल्यावर शेजारचे प्रफुल्लभाऊ म्हणाले, "बापाची अशी सेवा आजकाल कोण करते? शेवटपर्यंत रेडिओ घेऊन बसला होता पोरगा."

नरेशने मान खाली घातली. बापाला नागपूर पाहिजे होतं, ते आपल्या खिशात होतं, आणि आपण दिलं नाही. लाजेने त्याला तिथे बसवेना. लोकांना तो शोक वाटला. सत्यशीलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आत गेली.