फोटोवरची माळ

वडील, अण्णा, गेल्याच्या आठव्या दिवशी सत्यशीलाने मंठा गावातल्या घरी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर पहाटेच इंटरप्रिटर, म्हणजे जुने प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, कंपाइल करून तयार व्हायला लावला. अण्णांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेला गणिताचा खेळ त्याच्याशिवाय चालत नव्हता. "एकदा येऊन बघ," असं ते वर्षभर फोनवर म्हणत राहिले आणि तिला सवड झाली नाही. आता तेरावं आटोपून परत जाण्याआधी तिला तो बघायचाच होता.

पाच तास मशीन घरघरत होतं. ती चहा करून बैठकीत आली, तर स्क्रीन काळी. अण्णांच्या धाकट्या भावाने, कारभारीकाकांनी, कॉम्प्युटरची पिन काढून तिथं अण्णांच्या फोटोवरची लाइटची माळ लावली होती.

"काका, कोणाला विचारून काढलं?"

"नुसत्या इंग्रजी ओळी पळून राह्यल्या होत्या, मला वाटलं बिघडलं. माणसं भेटायला येऊन राह्यली, दादाचा फोटो अंधारात ठेवू का मंग?"

"अण्णा त्यावर काय करायचे, हे कधी विचारलं तुम्ही?"

"न्हाई. आन् तू विचारल्तं?"

सत्यशीलाने माळेची पिन उपटून काढली. कॉम्प्युटरची पिन लावून तिने कंपाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि माणसांदेखत पिन पुन्हा कोणी काढू नये म्हणून स्विचबोर्डाला पाठ लावून खाली बसली.