मंडळाचा नग क्रमांक सतरा

त्या गुरुवारी राजाजीनगरात सुचेताअक्कांच्या जिन्यावर चपलांचे एकसष्ट जोड होते. मी मोजले. चौतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस देवळात गेला तरी आधी घंटा मोजतो. मागच्या गुरुवारी अठ्ठेचाळीस होते, त्याच्या आधी तीस. एकसष्टांपैकी एकोणीस जोड बुटांचे, म्हणजे ऑफिसातून थेट आलेले. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून चमत्काराला येणारी माणसं आमच्या बेंगळुरूतच भेटायची.

वर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीशी टेबल, टेबलावर कैलासवासी भगवंतरावांचा कॉम्प्युटर, पडद्याला झेंडूची जाड माळ, शेजारी समई. माउसवर एक जास्वंदीचं फूल ठेवलेलं. फूल जागचं हललं नाही, पण पडद्यावरचा बाण हलला. तो सावकाश फिरला, एक कोरं पान उघडलं, आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

'सुचेता, मी आलो आहे.'

साठ जणांनी हात जोडले. एकसष्टावा जोड माझा होता.

अक्कांचे यजमान भगवंतराव जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ते आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस, मी भांडारपाल. सतरंज्या, पातेली, माईक, खुर्च्या, सगळं माझ्या नोंदवहीत. प्रत्येक वस्तूवर मी लाल ऑइलपेंटनं नंबर घालतो. लोक हसतात. हसोत, आजवर एक झारा हरवलेला नाही.

बाण फिरत असताना विश्वेश्वर महाराज कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून पोथी वाचत बसायचे. पोथी टॅबवर. टॅबला भगव्या कापडाची खोळ. हल्ली टॅबवर पोथी वाचणारे पुष्कळ, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. आणि पारायणाला बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून पोथीत डोकावायची आपल्याकडे रीत नाही. महाराजांचा आनेकलला मठ होता, म्हणजे दोन खोल्या आणि एक पाटी. आता मठ सुचेताअक्कांच्या वरच्या खोलीत यायच्या बेतात होता. गादी आणि पंखा येऊन पडलेच होते.

वाचन सुरू होण्याआधी महाराज शास्त्र सांगत. आत्मा म्हणजे ऊर्जा, करंट म्हणजेही ऊर्जा, तेव्हा आत्मा करंटमध्ये शिरला तर आश्चर्य कसलं. या न्यायानं आमच्या घरच्या मिक्सरमध्ये कुणाचे तरी आजोबा असायला हवेत, पण चटणी वाटताना कुणी सोवळं नेसत नाही. नियमही होते. कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही, आत्म्याची तंद्री मोडते. पडद्यावरची माळ हलवायची नाही. तिसऱ्या गुरुवारी वीज गेली आणि आत्मा वाक्याच्या मध्यावर गप्प झाला. पुढच्या आठवड्यात आत्म्यासाठी यूपीएस आला.

माझ्या पुढ्यात प्रणीत बसायचा. पुण्याहून आलेला, मोठ्या कंपनीत टीम लीड. त्यानं मागं वळून मला ऐकवलं, "दत्ताअण्णा, धिस इज बियाँड सायन्स. सगळंच लॉजिकली एक्स्प्लेन होत नाही ना."

इथवर मी आपला गालात हसत होतो. त्या गुरुवारी हसू गेलं.

सुचेताअक्कांच्या छातीत गाठ निघाली होती. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार दिला होता आणि आणखी लांबवू नका म्हणून बजावलं होतं. अक्कांनी ते कागद टेबलावर ठेवले आणि हात जोडून पडद्याला विचारलं, काय करू. बाण बराच वेळ थांबला. मग अक्षरं आली.

'कापू नकोस. नऊ गुरुवार कर. गाठ मी माझ्याबरोबर नेतो.'

हॉलभर हुंदके. अक्कांनी ऑपरेशनचा कागद घडी करून समईखाली ठेवला. माझ्या डोक्यात मात्र एक साधी बेरीज चालली होती. अक्का इस्पितळात म्हणजे हॉलला कुलूप, हॉलला कुलूप म्हणजे गुरुवार बंद. मेलेल्या माणसाला ऑपरेशन नको असण्याचं दुसरं कारण मला दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. "अक्का, त्या सोमवारी रिक्षा किती वाजता सांगू?"

"नको, दत्ताअण्णा. यांनी नको म्हटलंय."

"यांनी तुम्हाला कधी नावानं हाक मारली होती?"

"नाही. इतकी वर्षं नुसतं 'अगं' आणि 'ऐकलंस का'. मलाही आधी कसंसंच झालं. मग म्हटलं, तिकडं जाऊन स्वल्प सुधारले असतील." मग हळूच म्हणाल्या, "दर गुरुवारी बोलतात हो माझ्याशी. इतकं तरी राहू द्या मला."

घरी येऊन मी वही काढली.

सहा गुरुवारांत लोकांनी आत्म्याला तेवीस प्रश्न विचारले होते. चौदांची उत्तरं बिनचूक आली: विम्याचा नंबर, पुतण्याची जन्मवेळ, गेल्या गणपतीतल्या भाषणाचा विषय. नऊ वेळा 'मायेचा पडदा आहे' असं आलं. मी दोन रकाने पाडले. पहिल्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट भगवंतरावांनी कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेली असणार, अशी होती. दुसऱ्यातली एकही नव्हती. मंडळाच्या कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय, हा माझाच प्रश्न. ती त्यांनी स्वतःच्या हातानं डब्यात टाकून ठेवली होती आणि मला पुढं हळदीत सापडली. पुतण्याची जन्मवेळ आठवते आणि हळदीचा डबा विसरतो, असा हा आत्मा.

म्हणजे लिहिणारा कॉम्प्युटरच्या आत पाहत होता, घरात नव्हे. पण हात कुठं होता?

मग मी मंडळाची नोंदवही चाळली आणि सतराव्या ओळीवर बोट थांबलं. 'टॅब, एक. चिटणिसांकडे.' पुढं माझ्याच अक्षरात 'हरवला'.

तो टॅब मंडळानं भगवंतरावांच्या आजारपणात घेतला होता. ते जयनगरच्या एका इस्पितळात खाटेवर, आणि मंडळाचं मासिक पत्रक घरच्या कॉम्प्युटरमध्ये. तरी पत्रक एकदाही चुकलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते काचेवर बोट फिरवत म्हणाले होते, "दत्ता, इथून घरचा कॉम्प्युटर चालवतोय." मी म्हटलं, बरं. आजारी माणूस काही सांगतो तेव्हा आपण बरं म्हणतो. अक्का दिवसभर त्यांच्या उशाशी, घराला कुलूप. त्या रिकाम्या घरात पडद्यावरचा बाण आपोआप कसा फिरत असेल, ते आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

ते गेल्यावर इस्पितळातून सामान मी आणलं. चष्मा, कवळी, घड्याळ, थर्मास, चार्जर. चार्जर आला आणि टॅब आला नाही. दुःखाच्या घरात काय विचारायचं म्हणून मी 'हरवला' लिहून पान उलटलं. कारखान्यात असं केलं असतं तर साहेबानं मला गेटबाहेर उभं केलं असतं. आणि इस्पितळात शेवटच्या आठवड्यात खाटेशी बसून स्तोत्रं म्हणायला कोण यायचं? विश्वेश्वर महाराज.

अक्कांच्या खालच्या मजल्यावर पवित्रा राहते, हासनकडची कन्नड मुलगी. एका कंपनीच्या मदतकक्षात काम करते. मी तिला सगळं सांगितलं तर ती आधी पोटभर हसली. म्हणाली, अंकल, कुठल्या तरी गावातल्या कारकुनाचा कॉम्प्युटर अडतो, तो मला फोन करतो, मी इथं बसून त्याच्या पडद्यावरचा बाण फिरवते. दिवसाला तीस वेळा. "माझ्या पाया कुणी पडत नाही, अंकल. पाचांतले दोन तारे देतात."

तिनं सोपं करून सांगितलं. दोन्हीकडे एक प्रोग्राम लागतो आणि मध्ये इंटरनेट. घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड एकदा दिला की तो त्या टॅबला ओळखतो, पुन्हा विचारत नाही. टॅबवर घरचा पडदा जसाच्या तसा दिसतो; इथं बोट, तिथं बाण. फक्त घरचा कॉम्प्युटर चालू हवा. आणि कुणी बाहेरून जोडलेलं असलं तर पडद्याच्या कोपऱ्यात तशी छोटी पट्टी येते. कुठल्या कोपऱ्यात, मी विचारलं. तिनं उजवा खालचा दाखवला. झेंडूची माळ सगळ्यांत जाड तिथंच होती.

पवित्रा म्हणाली, गुरुवारी मी इंटरनेटची वायर काढते. मी नको म्हटलं. वायर काढली की आत्मा रुसला म्हणतील. हात दाखवायला हवा.

गुरुवारी दुपारी मी अक्कांकडे गेलो. भाषण केलं नाही. त्यांच्या हातात तो चार्जर ठेवला आणि सांगितलं, "हा तुमच्या घरी आला, अक्का. ज्याचा आहे ती वस्तू आली नाही. मंडळाची आहे, पाठीवर माझा लाल नंबर आहे. महाराजांच्या खोळीत आहे असा मला संशय आहे." त्यांनी चार्जर उलटसुलट करून पाहिला. "स्तोत्रं वाचून दाखवायला यांनीच तो महाराजांच्या हातात दिला होता," म्हणाल्या, आणि चार्जर कमरेला खोचला.

संध्याकाळी चपला चौऱ्याहत्तर. बाण फिरला, अक्षरं उमटू लागली. 'सुचेता, धीर धर, मी'. एवढं आलं आणि अक्का उठल्या.

"महाराज, पोथी द्या. कपाळाला लावते."

महाराजांचं बोट थांबलं. पडद्यावरचं वाक्यही थांबलं. ते म्हणाले, वाचन अपुरं आहे, शिवाय ही यंत्ररूप पोथी, हिला इतरांचा स्पर्श सोसत नाही.

"आमच्याकडे पोथी सगळ्यांच्या कपाळाला लागते," अक्का म्हणाल्या. "सात गुरुवार झाले, तुमची एकदाही फिरली नाही. कपाळाला न लागणारी पोथी मी पाहिली नाही."

लोक माना डोलावू लागले. ही रीत प्रत्येकाच्या घरची. आणि महाराजांचा सर्वांत निस्सीम भक्त, आमचा प्रणीत, मदतीला धावला. "महाराज, तुम्ही उठू नका, मी पास करतो," म्हणत त्यानं दोन्ही हातांनी भक्तिभावानं टॅब उचलला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी खोळ काढली. पाठीवर लाल ऑइलपेंटमध्ये 'मं. १७'. माझंच अक्षर, सातचा पाय वाकडा.

मग त्यांनी टॅब सुलटा केला. काचेवर पोथी नव्हती. त्यावर घरचाच पडदा होता, तेच पान, तेच अर्धं वाक्य. अक्कांनी बोट ठेवून सरकवलं. टेबलावरच्या पडद्यात बाण सरकला. फूल माउसवर तसंच. त्यांनी बोट डावीकडे नेलं, बाण डावीकडे गेला. मग त्या एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या, आणि त्यांच्या नवऱ्याच्या पडद्यावर, त्या अर्ध्या वाक्याखाली, चौऱ्याहत्तर जणांसमोर उमटलं:

'ऑपरेशन सोमवारी.'

पवित्रानं पुढं होऊन माळ उचलली. कोपऱ्यातली पट्टी उघडी पडली: 'भगवंतराव यांचा टॅब जोडलेला आहे'. मागून कुणीतरी भारावून म्हणालं, बघा, ते खरंच जोडलेले आहेत. कुणीही साथ दिली नाही.

महाराज सावरले. "हे माध्यम मला त्या आत्म्यानंच दिलं, बाई."

"आत्म्यानं नाही, माझ्या नवऱ्यानं दिलं. वाचून दाखवायला दिलं होतं." अक्कांनी कमरेचा चार्जर काढून टेबलावर ठेवला. "परत मागायला ते उरले नाहीत, याचा फायदा घेतलात. माझ्या दुःखावर जेवलात, तेही एक वेळ सोडलं असतं. पण माझ्या जिवाचा निकाल त्यांच्या नावानं लिहिलात. तुमची गादी खाली नेऊन ठेवा. पंखा राहू द्या, तो आमच्या मंडळाचाय."

पंखा नग क्रमांक नऊ. मी तो तपासून घेतला.

महाराज गेले. जाताना धर्म बुडाला असं काहीसं म्हणाले. मला वाटतं, बुडालं ते फक्त आनेकलचं स्थलांतर. शुक्रवारी सकाळी अक्कांनी पोलिसांत तक्रार दिली, साक्षीला माझी नोंदवही नेली.

त्या गुरुवारी संध्याकाळी प्रणीत बूट घालताना बराच वेळ नाडीशी खेळत बसला. मी विचारलं, तू तर याच धंद्यातला.

"रोज घरून ऑफिसचं मशीन असंच चालवतो, अण्णा," तो म्हणाला.

"मग?"

"तिथं समई नसते ना."

त्याचं हे उत्तर मी वहीत उतरवून ठेवलंय. चौऱ्याहत्तरांतल्या निम्म्यांना बाण कसा हलतो ते ठाऊक होतं. आठवडाभर ते हेच करतात. पण शेजारी वात पेटली, मराठीत अक्षरं आली, एक विधवा रडली, आणि रोजचं ज्ञान त्यांनी चपलांबरोबर जिन्यात काढून ठेवलं. ते महाराज खोटे होते हे खरंच. पण त्यांचं निम्मं काम आम्ही केलं होतं.

सोमवारी रिक्षा सात वाजता आली. गाठ निघाली. पुढचे उपचार आहेत, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

दहाव्या दिवशी मंडळाचे आम्ही काही जण पत्रकासाठी त्याच हॉलमध्ये जमलो. गर्दीसाठी हलवलेला सोफा परत जागेवर आला होता. माळ नव्हती. साडेपाचाला पडद्यावरचा बाण हलला, पान उघडलं, आणि इस्पितळाच्या खाटेवरून नव्या चिटणीसबाई लिहू लागल्या:

'मी सुचेता. जिवंत आहे. हे मीच लिहितेय, टॅबवरून, डाव्या हातानं, म्हणून हळू. कुणी हात जोडू नका, चुका दुरुस्त करा.'

हात कुणीच जोडले नाहीत. पवित्रानं चहा आणला, प्रणीतनं दोन चुका काढल्या, त्यावर अक्कांनी तिकडून लिहिलं की एकच चूक आहे, दुसरी तुझी. आणि पत्रकाच्या शेवटी त्यांनी माझ्याकडून चार ओळी मागितल्या. मी दिल्या, त्या अशा:

आपोआप काहीही हलत नाही. हललेलं दिसलं की हात जोडायच्या आधी विचारा, हात कुणाचा आणि तो बसलाय कुठं. विचारल्यानं देव कोपत नाही, कोपतो तो मधला माणूस. आणि कुणीही, मेलेला किंवा जिवंत, डॉक्टरकडे जाऊ नको म्हणाला, तर आधी त्याच्या खोळीत काय आहे ते पाहा.

नग क्रमांक सतरा. सापडला. चालू स्थितीत. चिटणिसांकडे.