हत्ती मारायचा नव्हता

ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या धनराजला सलाउद्दीनचं कौतुक कधी सोसलं नाही. दोघं नाशिकच्या एकाच बुद्धिबळ मंडळात खेळत. सलाउद्दीनचं द्वारका चौकाजवळ चष्म्याचं दुकान होतं. जिल्हा स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यानं धनराजला हरवलं, तो डाव मंडळात अजूनही नव्या माणसाला मांडून दाखवत. "इथे सलाउद्दीनभाईंनी हत्ती फुकट दिला, बघा!" मग वाहवा सुरू व्हायची, आणि धनराज चहाचं निमित्त करून बाहेर पडायचा.

२००१ साली सलाउद्दीननं कॉम्प्युटर घेतला आणि त्यात बुद्धिबळाचा प्रोग्राम टाकून घेतला. खेळलेला डाव भरला की कुठली खेळी चुकली ते तो सांगे. हे कानावर आलं आणि धनराजला राहवेना. रविवारी तो थेट त्याच्या घरी गेला.

"सलाउद्दीनभाई, आपला फायनलचा डाव घाला यात."

"अहो, कशाला जुनी मढी उकरता?"

"घाला तरी."

डाव दोघांनाही तोंडपाठ होता. एकेक खेळी भरत ते हत्तीपाशी आले. कॉम्प्युटर घरघरत होता, कोणाची बाजू वरचढ ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा वरखाली होत होता. मग आकडा एकदम काळ्याच्या बाजूनं झुकला. काळी मोहरी धनराजची होती.

"हत्ती मारायचाच नव्हता!" सलाउद्दीन म्हणाला. "तुम्ही घोडा मागे घेतला असता, तर मी मेलो होतो."

आता याचा चेहरा पडेल, म्हणून धनराज टक लावून बघत राहिला. पण सलाउद्दीन खुर्चीतून उठलाच. "मासूमा, इकडे ये! काय खेळी लपली होती बघ आमच्या डावात!"

ओले हात पुसत त्याची बायको आली. तिला कळलं काहीच नाही, पण नवऱ्याचा आनंद बघून तीही हसली. धनराजला मात्र तो आनंद बघवेना. जिंकायला हवं होतं आपण, आणि नाचतोय हा!

संध्याकाळी मंडळात सलाउद्दीननं स्वतःच डाव मांडला. "माझा हत्ती चुकला होता. धनराजभाऊंनी हट्ट धरला म्हणून कळलं."

"याला म्हणतात दिलदारी!" मंडळातल्या यादवसरांनी त्याची पाठ थोपटली. मग ते धनराजकडे वळले. "पण काय हो, तेव्हा घोडा दिसला नाही का तुम्हाला?"

सगळे हसले. धनराजही हसला, ओठांनीच.

निघताना सलाउद्दीन जिन्यापर्यंत आला. "पुढच्या रविवारी या. देवळ्याच्या स्पर्धेत तुम्ही मला हरवलं होतं ना, तो डाव घालू."

सलाउद्दीनवर मिळवलेला धनराजचा तो एकुलता एक विजय होता.

"नको," तो घाईघाईनं म्हणाला. "तो राहू द्या." आणि मागे न बघता जिना उतरू लागला.