उपाशी पेशी

हस्तीमल शेठजींच्या डाळमिलनं सुकदेव सरांचं डोकं पार उठवलं होतं. जळगावच्या कॉलेजातली त्यांची प्रयोगशाळा आणि ती मिल यांच्यात भिंत एकच. दिवसभर धडधड, धडधड. टेबल हादरायचं, काचपट्टी सरकायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजता मोजता आकडा चुकायचा. या पेशी जंतू गिळून माणसाला वाचवतात; त्या किती गिळतात, हाच सरांच्या पीएच.डी.चा विषय. अडुसष्टच्या दिवाळीपर्यंत प्रबंध गेला नाही तर चार वर्षं पाण्यात.

म्हणून सरांनी मिलविरुद्ध नगरपालिकेत अर्ज केले. एक नाही, अकरा. आणि निर्णायक प्रयोग मुद्दाम जैनांच्या पर्युषणासाठी राखून ठेवला, कारण उपासाच्या त्या आठ दिवसांत शेठजी मिलचं चाकही फिरू देत नसत.

पर्युषण लागलं, मिल थांबली. आणि पेशींनीही संप केला. एरवी शंभरातल्या साठ पेशी यीस्टचे कण गिळायच्या, आता जेमतेम पस्तीस. सरांनी रक्त बदललं, यीस्ट बदललं, शिपाई छगनवर उगाच खेकसून घेतलं. छगन धुळ्याकडचा. तिसऱ्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "सर, शेटसंगे या बी उपास करी राहिनात."

सर आधी चिडले, मग भिंतीपलीकडच्या शांततेकडे त्यांचं लक्ष गेलं. छगनला त्यांनी टेबलाच्या पायाशी मुसळ आपटायला बसवलं. दोन तासांनी आकडा पन्नासावर. म्हणजे ज्या धडधडीला ते शिव्या घालत होते, तिच्याच दाबाच्या लाटा पेशींना कामाला लावत होत्या. आयता दारात आलेला विषय हे गृहस्थ हाकलायला निघाले होते! आता मिल सुरू झाली की महिनाभर मोजायचं, बस्स. हातानं मुसळ कुठे एकसारखं पडतं?

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरी; तिच्या दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतःच आले, हात जोडून.

"सर, वर्षभर तुम्हाला फार त्रास दिला. मिच्छामि दुक्कडं, क्षमा करा. तुमचे अर्ज मनाला लागले. मिल पहूरला हलवतोय. उद्या यंत्रं सुटतील."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ज मागे घेतो, मिल इथंच राहू द्या, म्हणून ते काकुळतीला आले. शेठजींचे डोळे भरले.

"केवढं मोठं मन, सर. पण आता अडवू नका. पहूरवाल्यांना शब्द दिलाय."

शेठजी गेले. सर भिंतीकडे बघत राहिले. रागवायलासुद्धा आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. छगननं काही न विचारता कोपऱ्यातलं मुसळ उचललं.