उघडे पाडणे

कोशाच्या पहिल्या पानावरून अप्पांचं नाव तुम्हीच खोडलंत, साहेब — आणि तिच्या टेबलावर पडलेली ही लाल पेन्सिल, मागच्या टोकाला दातांचे वण असलेली, तीही तुमचीच. तिनं ती उचलली नाही. नुसती बघत राहिली. समोर शब्दकोशातलं तिच्या वाट्याचं शेवटचं क्रियापद: उघडे पाडणे. अर्थ मुख्य संपादकसाहेबांनी दिलेला — 'झाकलेले दिसू देणे'. वा! जणू वाऱ्यानं पडदा हलला. झाकलं कुणी, त्याचा पत्ताच नाही... अप्पा सांगायचे, पोरी, पेटी उघडतात, पण माणसाला उघडं पाडतात. यात एक दडवणारा लागतो आणि एक ओढून काढणारा, नाहीतर क्रियापद लंगडं. तेच अप्पा, तिचे वडील, उभा जन्म या खोलीत ह्याच कोशापायी घातलेले, आता डोळे गेल्यावर घरी खिडकीशी बसतात आणि ती आली की विचारतात, 'छापायला गेला का गं कोश? नाव कसं दिसतंय?' — कसं दिसतंय विचारतात. आहे का, हे विचारायचं त्यांच्या मनातही येत नाही.

अर्थाखाली उदाहरणाची ओळ रिकामी होती. संध्याकाळी पानं छापखान्यात जाणार. तिनं लिहिलं: 'दुसऱ्याचा कोश स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या संपादकाला त्याच्या मुलीने उघडे पाडले' — मग 'त्याच्या' खोडून 'त्या दुसऱ्याच्या' केलं, नेम चुकायला नको — आणि बोटांत ऊब चढली. घराघरांत जाईल हे. तुमची नातवंडं वाचतील, साहेब, मोठ्यानं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. वाचलं. हसले.

"बाई, दिवसाढवळ्या दरोडा? 'चोराला पोलिसांनी उघडे पाडले' असं लिहा की."

"चोराचं नाव घालू?"

पलीकडे मुद्रितं तपासणारे काका उगाच खोकले.

"उदाहरणात जिवंत माणूस आणायचा नाही," साहेब म्हणाले. "इथला नियम आहे. कुणी केला, विचारा काकांना."

काकांनी मान वर केली नाही. "अप्पांनीच केला, पोरी. उगाच कुणाचं मन दुखायला नको म्हणून."

अप्पांनी... ऊब विझली नाही. ती फाकली, घरातल्या खिडकीपर्यंत गेली. हा भलेपणा! जन्मभर दुसऱ्यांना पांघरुणं पुरवली, आणि स्वतः? आता तिला एकट्या साहेबांचा राग पुरेना.

"खोडता ना?" साहेबांनी विचारलं.

"खोडते. पण मग आज माझ्याबरोबर घरी चला. नाव कसं दिसतंय, ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. मीही ऐकेन, आणि तेही ऐकतील, मन दुखलं तरी. येता? खाली काय बघता, साहेब — येता का, बोला."